दुसरी हाक

आमच्या घरात कुठंही निघायचं म्हटलं की आई उंबऱ्यात उभी राहून एकेकाच्या नावानं हाक मारते, आणि ज्यानं त्यानं मोठ्यानं ‘ओ’ द्यायची. माणूस समोर ढिम्म उभा असला तरी चालत नाही, तोंडानं ओ पाहिजे. ती आल्याशिवाय आई पाऊल उचलत नाही. शिरूरच्या एसटी स्टँडवर भर गर्दीत ही बाई गाडीच्या दारात उभी राहून हाका मारतेय, मागची माणसं ढकलताहेत आणि कंडक्टर कपाळाला आठ्या घालून बघतोय, हे मी लहानपणापासून सोसलंय. शरमेनं जीव जायचा. बरं, बाकीच्यांच्या नावानं एक हाक. माझ्या नावानं दोन.

पहिलीला मी ओ द्यायचे. मग आई जरा थांबायची आणि पुन्हा तेच नाव घ्यायची. मी वैतागून ओरडायचे, “ओ! हाय की हितंच, दिसंना का तुला!” मग कुठं सगळे हलायचे. चुलते हसायचे, म्हणायचे, पोरगी बहिरी हाय का आई बहिरी? मला वाटायचं, माझाच आवाज बारीक असणार. म्हणून मी बोंबलून ओ द्यायला शिकले. आज रांजणगावच्या कंपनीत माझा आवाज मशीनच्या खडखडाटातून दुसऱ्या टोकाला पोचतो, तो या दोन हाकांमुळं.

ही हाकेची रीत आमची जुनी. आम्ही धनगर. आता आमच्याकडं मेंढरू औषधालाही नाही, कांदा आणि ऊस आहे. पण कालव्याचं पाणी यायच्या आधी माझे आजोबा, वडील, चुलते सगळे दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. कोकणात भात काढून झालेला असायचा. तिथले लोक मेंढरं आपल्या खाचरात रात्रभर बसवून घ्यायचे, खतासाठी, आणि त्याबदल्यात धान्य द्यायचे. पहाटे तळ उठायचा. घोड्यावर भांडी, घोंगड्या, कोंबड्या, कोकरं आणि त्यातच कुठंतरी पेंगणारी पोरं. अंधारात एखादं पोर घोंगडीखाली झोपलेलंच राहायला कितीसा वेळ लागतो? म्हणून निघण्याआधी आजोबा प्रत्येकाच्या नावानं हाक मारायचे. सगळ्यांची ओ आली की म्हणायचे, “चला, आली समदी.” मगच पहिलं मेंढरू हलायचं.

माझ्या आधी आईला एक मुलगी होती. आजोबांच्या आईचं नाव घरात चालवायचं होतं, ते तिला ठेवलं. ती तीन वर्षांची होऊन कोकणात गेली. मग मी झाले. नाव चालवायचं राहिलंच होतं, ते मला ठेवलं. लहानपणी मला एवढंच सांगितलं होतं की तुझ्याआधीची एक होती, ती कोकणात गेली. मला वाटायचं, ती तिकडंच राहते, समुद्राकाठी नारळ खात बसते आणि एक दिवस येईल. आली की माझी झोळी, माझं ताट, माझं नाव, सगळं परत मागेल. मी ताट पटकन संपवायचे.

मोठी झाले, कळायचं ते कळलं, आणि विषय मिटला असं मी समजत होते.

गेल्या दिवाळीत कंपनीला सुट्टी होती. माझा नवरा रेटिंगवर जगणारा माणूस. चहाची टपरीसुद्धा आधी मोबाइलवर तपासून बघणार. त्यानं ठरवलं, यंदा समुद्रकाठच्या रस्त्यानं जायचं. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तिथून दिवेआगर, मग समुद्राला खेटून जाणाऱ्या रस्त्यानं श्रीवर्धन आणि पुढं हरिहरेश्वर. कुठं थांबायचं, कुठं जेवायचं, कुठली खोली समुद्राच्या बाजूची, सगळं तो संध्याकाळी मोबाइलवर बघत बसायचा. शेजारी आई गवारी निवडत होती. आई आमच्याकडंच असते. मला भाऊ नाही, वडील जाऊन बरीच वर्षं झाली.

“थांबवा वो जावईबापू,” आई एकदम म्हणाली. “मागं घ्या जरा.”

त्यानं व्हिडिओ मागं घेतला. वरून काढलेला होता. काळा रस्ता, हिरवा डोंगर, निळं पाणी आणि काठापासून थोडा आत एक काळा खडक.

“ही म्हस,” आई म्हणाली.

“मामी, तो खडक आहे.” आमच्यात सासूला मामीच म्हणतात.

“व्हय, खडकच. पाण्यात बसल्याली म्हस म्हणायचो आमी त्याला. म्हशीच्या म्होरं खाचार हुतं.” आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. “हितं ठिवलीया तिला.”

टीव्हीवर कुणीतरी फराळाची कृती सांगत होतं.

“मला न्ह्या तिथं,” आई म्हणाली. “डोळं हायती तवर न्ह्या. हाक न मारताच निघालो आमी तवा. ती हाय तिथंच.”

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “आई, काय बोलतीयेस? ती मेली. मेलेलं माणूस कधी ओ देतं का?”

“तुला काय ठावं? तू तवा नव्हतीसच,” आई म्हणाली आणि गवारी निवडायला लागली.

झालं. सहलीचं हे असं झालं. नवऱ्याच्या यादीत समुद्र होता, मासे होते, सूर्यास्त होता, आणि आईच्या मनात एकच गोष्ट होती. तिला त्या जागी उभं राहून पोरीला हाक मारायची होती.

ताम्हिणीत पहिला थांबा. धुकं, कांदाभजी, मक्याची कणसं. लोक दरीकडं पाठ करून फोटो काढत होते. आई दरीकडं तोंड करून उभी होती. “हितनं कोकरं पाठीवर न्यायचो,” ती म्हणाली. मग गाडीत बसल्यावर दर थोड्या वेळानं काचेवर बोट ठेवायची. हा एक मुक्काम. हा एक. इथं विहीर होती, इथं वाघरू आलं होतं. मला गाडीत झोप लागते. जागी झाले तेव्हा आई नवऱ्याला सांगत होती, “आमचं तीन मुक्काम हिच्या एका डुलकीत गेलं बगा.” नवरा मनापासून हसला. मलाही हसू आलं. वाटलं, चला, सहल म्हणून तरी बरी होईल.

दिवेआगरला पहिली रात्र. सुरूची बनं, पोफळीच्या बागा, वाडीतली स्वच्छ खोली, अंगणात झोपाळा. नवरा खूश, कारण जसं फोटोत तसंच निघालं. घरमालकीणबाईंनी विचारलं, जेवायला किती पानं? मी तीन म्हणायच्या आत आई म्हणाली, “चार.” मी म्हटलं, आई, तीन. ती म्हणाली, “व्हय व्हय, तीनच.” बाईंनी तीनच वाढली. तळलेला मासा, आमटी, सोलकढी. आईनं माशाला हात लावला नाही, काटं काढत बसायला कुठं येळ म्हणाली. सोलकढी तेवढी दोनदा मागून घेतली. माझ्या शेजारची रिकामी खुर्ची आईनं टेबलाजवळ सरकवून नीट लावली होती. मी ती मुद्दाम मागं ढकलली.

सकाळी निघताना आईनं वाडीच्या फाटकात उभं राहून हाका मारल्या. जावईबापू. ओ. मग माझं नाव. ओ. मग पुन्हा माझं नाव, आणि मी सवयीनं ओ दिली. आईनं माझ्याकडं पाहिलं. माझ्याकडं म्हणजे माझ्या खांद्याच्या जरा बाजूला. ती नेहमी तिथंच बघते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

तो रस्ता खरंच देखणा आहे, उगीच नावं ठेवणार नाही. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला पाणी, आणि मधून नवा कोरा डांबरी रस्ता वळणं घेत जातो. दर वळणाला गाड्या उभ्या. कुणी चहा विकतंय, कुणी शहाळी. नवरा म्हणेल तिथं आम्ही थांबलो. आई दर ठिकाणी उतरायची, पाण्याकडं बघायची, “हे न्हाई” म्हणायची आणि परत येऊन बसायची. मागच्या सीटवर ती दाराला चिकटून बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. बाजूला अख्खी सीट मोकळी. मी म्हटलं, ऐसपैस बस की. ती म्हणाली, “असूं दे. राहूं दे जागा.”

आणि मग एका वळणावर म्हैस दिसली.

व्हिडिओत लहान वाटली होती. प्रत्यक्षात चांगली दांडगी, पाठ काळीभोर, लाट आली की मान तेवढी वर. आईनं दारच उघडलं. नवऱ्यानं करकचून ब्रेक मारला. “मामी! गाडी थांबू तरी द्या!”

तिथं खाचर वगैरे काही नव्हतं. रस्ता होता, चांगला रुंद. कडेला लोखंडी कठडा, फोटो काढायला लाल बदामाची चौकट आणि त्यात डोकी घालून उभी राहिलेली जोडपी. रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला एक दुमजली घर, वर पाटी, राहण्याची व जेवणाची उत्तम सोय. नवऱ्यानं मोबाइल बघून हळूच सांगितलं की या जागेला सगळ्यात जास्त रेटिंग आहे. मी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं मोबाइल खिशात घातला. पुढची खोली रद्द करून आम्ही तिथंच उतरलो.

घरमालकीण माझ्यापेक्षा थोडी मोठी, बोलकी. आईनं तिला विचारलं, “हितं एक झाड हुतं. गोल फळाचं. त्याचं तेल दिव्याला घालायचे.”

“उंडी!” ती म्हणाली. “होती ना. मी लग्न होऊन आले तेव्हा होती. ही सगळी आमचीच खाचरं. सासरे सांगायचे, पूर्वी घाटावरची मेंढरं बसायची इथं. रस्ता रुंद केला तेव्हा खाचरंही गेली, उंडीही गेली.”

“कुठं हुती उंडी?”

तिनं ओट्यावरून हात केला. रस्त्याच्या बरोब्बर मधोमध, जिथून पांढरा पट्टा जातो तिथं. एक लाल गाडी त्यावरून गेली, मागून गाणं वाजवत एक मिनीबस.

“मंजी रस्त्याखाली हाय,” आई म्हणाली.

घरमालकीणबाईला वाटलं, झाडाबद्दल बोलतायत. ती म्हणाली, हो, मुळं असतील अजून.

संध्याकाळी आम्ही दोघी ओट्यावर बसलो. नवरा कठड्याशी सूर्यास्त बघत उभा होता. आईनं मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. पोरीला ताप आला होता. गावातल्या बाईनं काढा दिला, उंडीच्या तेलाचा दिवा दिला, रात्रभर बसली. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला पोर गेली. आजोबांनी झाडाखाली खड्डा घेतला, मीठ घातलं, दगड रचले. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून सगळी मेंढरं त्या जागेवर आणून बसवली. आई रात्रभर मेंढरांच्या कडेला बसून होती. आत जायला वाटच नव्हती.

“सकाळी मेंढरं उठली आन् बघितलं, तर समदं सारखंच,” आई म्हणाली. “लेंड्या आन् खुरं. कुठं ठिवली, वळकूच यीना. तवर घोडी भरली हुती. सासऱ्यांनी हाका मारल्या. समद्यांच्या मारल्या. तिचं नाव आलं आन् ते गप बसले, म्होरलं नाव घेतलं. समदी आली म्हनले. आन् मी बी गेले गं. मला वाटलं, आता मी मारावी हाक. पर सासऱ्याम्होरं तोंड कसं उघडायचं? मी गेले घोड्यामागं.”

ती रडत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

“ती तशीच बसली आसंल की. हाक आल्याबिगर कशी निघंल? आपल्यात पोरांना सांगतोच की, हाक मारल्याबिगर जागचं हलायचं न्हाई.”

मग ती माझ्याकडं वळली. “उद्या सकाळी मी हाक मारीन. पैलीला तू ओ दे. दुसरीला दिऊ नगंस. दुसरी तुझी न्हाई. कंदीच नव्हती.”

मला राग आला. खोटं कशाला बोलू, रडूही आलं, पण आधी राग. जन्मभर मी घसा फोडून जिला ओ देत आले, ती हाक मला नव्हतीच. आई, तू मला आधी का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, “ल्हान हुतीस. आन् ओ दिलीस की जरा बरं वाटायचं.” मी उठून आत गेले आणि उगीचच बॅग पुन्हा भरली.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही सामान गाडीत टाकलं. रस्ता मोकळा होता. आई त्या पांढऱ्या पट्ट्याजवळ जाऊन उभी राहिली, पदर नीट घेतला.

जावईबापू. ओ.

माझं नाव. मी ओ दिली.

मग ती थांबली. आणि तिनं हाक मारली. तेच नाव, पण असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. गळ्यातून नाही, पोटातून आलेला. माझ्या ओठांवर ओ आलीच होती. मी ओढणीचा बोळा तोंडात धरला.

समुद्राचा आवाज. म्हशीच्या पाठीवर पाणी आपटत होतं. बाकी काही नाही.

आई थांबली. आम्ही थांबलो. एक दूधवाला मोटरसायकलवरून तिला वळसा घालून गेला, मागं वळून बघत. आईनं पुन्हा हाक मारली. पुन्हा थांबली. ऊन कठड्यापर्यंत आलं. घरमालकीणबाई चहा घेऊन आली, तो ओट्यावर गार झाला. पर्यटकांच्या गाड्या सुरू झाल्या, हॉर्न वाजायला लागले. नवरा हात आडवे करून गाड्या थांबवत, चुकवत उभा राहिला. शेवटी मी जवळ जाऊन म्हटलं, “आई, चल ना गं. झालं. मारलीस ना हाक?”

“ओ कुठं आली?” ती म्हणाली. “ओ आल्याबिगर तळ हलत न्हाई.”

तिच्या डोळ्यांत मी नव्हतेच. मला तेव्हा खरोखर भीती वाटली की ही आता इथून येणार नाही. उचलून नेली तरी येणार नाही.

मी म्हटलं, आलेच. कठडा ओलांडून खालच्या खडकावर उतरले, रस्त्यावरून दिसणार नाही अशी. वर आईनं पुन्हा हाक मारली. आणि मी ओ दिली. माझ्या आवाजात नाही. बोंबलायला शिकण्याआधीचा माझा बारीक आवाज होता, तो काढायला गेले. निघाला तो माझाही वाटेना. एवढा लहान, ओला. मी तोंडावर हात ठेवून तिथंच बसले.

वर आले तेव्हा आईनं गाडीचं मागचं दार उघडून धरलं होतं. जरा वेळ तशीच उभी राहिली, एखाद्याला चढायला लागतो तेवढा. मग दार हळूच लावलं, पदर अडकू नये असं. पलीकडून येऊन स्वतः बसली.

“चला,” म्हणाली. “आली समदी.”

घाट चढेपर्यंत ती शांत झोपली होती, एक हात मोकळ्या सीटवर पसरून. तिनं आवाज ओळखला का, मी विचारलं नाही. नवऱ्यानं आरसा जरा वर फिरवला, मागची सीट दिसू नये असा.

नंतर महिन्याभरानं दौंडला नात्यातला साखरपुडा होता. आई उंबऱ्यात उभी राहिली. जावईबापूंची हाक झाली. माझ्या नावाची झाली, मी ओ दिली आणि दुसरीची वाट बघत थांबले. दुसरी आलीच नाही. आई चपला घालून चालायला लागली. मला इतका आनंद झाला की दौंडपर्यंत मी गाणी म्हणत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव एकटीचं झालं होतं.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आलं, एक हाक उरली खरी, पण कुठली, माझी की तिची?

ते काही डोक्यातून जाईना. मागच्या आठवड्यात आईला डोळे दाखवायला शिरूरला न्यायचं होतं. तिनं उंबऱ्यातून जावयाला हाक मारली, त्यानं गाडीतून ओ दिली. मग माझं नाव घेतलं. मी तिच्यासमोर हातभरावर उभी होते, कुलूप हातात धरून. मी ओठ घट्ट मिटले. बघू, म्हटलं. ओ आल्याशिवाय ही जागची हलत नाही, मला शोधेल, चिडेल, वाचा बसली का म्हणेल. मी मनातून म्हणत होते, चीड ना गं आई, माझ्यावर चीड.

आईनं मान जराशी कलती केली. माझ्या खांद्याच्या बाजूला बघून हसली.

“चला, आली समदी,” म्हणाली आणि माझ्या अंगावरून जाऊन गाडीत बसली. मी अजून उंबऱ्यातच होते.